विश्लेषण : खाडीकाठची वायुवीज अर्धीच का? संध्याकाळच्या विजेला साठवणुकीचा आधार मिळेल का?

दुपारी राज्यात सौरवीज मुबलक असते. सूर्य मावळला की चित्र बदलते. कल्याण, डोंबिवली, ठाण्याकडे निघालेल्या लोकल भरभरून धावत असतात, घरोघरी दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होतात, इमारतींचे पंप आणि उद्वाहने चालू लागतात. या काही तासांसाठी लगेच सुरू होणारी वीज लागते. नैसर्गिक वायूवरील केंद्रे नेमकी याच कामासाठी उत्तम मानली जातात. ठाणे खाडीच्या मुखापलीकडे उरणला असे केंद्र आहे आणि ठाकुर्लीत दुसरे होणार होते. तरीही आज चर्चा वायूपेक्षा साठवणुकीची अधिक आहे. असे का झाले, आणि या परिसराला त्याचा उपयोग किती?

हा प्रश्न ठाणे-कल्याणसाठी महत्त्वाचा का?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. करोनाचा काळ होता, रुग्णालये भरलेली होती. लोकल जागच्या जागी थांबल्या. या घटनेचे मूळ ठाणे जिल्ह्यातच होते. भिवंडी तालुक्यातील पडघे आणि ठाण्याजवळचे कळवा ही या महानगराला वीज आणून देणारी दोन मोठी उपकेंद्रे आहेत. त्यांना जोडणाऱ्या ४०० केव्ही वाहिनीचे एक परिपथ दुरुस्तीसाठी बंद होते, दुसऱ्यात बिघाड झाला. सगळा भार खारघरकडून येणाऱ्या वाहिनीवर गेला आणि तीही बंद पडली.

मुंबईसाठी १९८० च्या दशकापासून ‘आयलँडिंग’ यंत्रणा आहे. बाहेरची वीज तुटली तर शहराने स्वतःला राज्याच्या जाळ्यापासून वेगळे करावे आणि ट्रॉम्बेसारख्या स्थानिक केंद्रांवर तग धरावा, अशी ती रचना. यापूर्वी अनेकदा तिने मुंबईला वाचवले होते. त्या दिवशी ती टिकली नाही, कारण मागणीच्या मानाने आत तयार होणारी वीज कमी होती.

त्यानंतर पारेषणाची कामे झाली. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी वाहिनी सुरू झाली. पण वाहिनी वीज वाहून आणते, तयार करत नाही. पडघ्याला येणारी वीज चंद्रपूरसारख्या ठिकाणाहून, साडेसातशे किलोमीटरवरून येते. कल्याण-डोंबिवलीला मुंबईसारखे आयलँडिंगचे कवच नाही. येथे वीज गेली की काही वेळाने पाणीही जाते, कारण बारावे, मोहिली, नेतिवली येथील जलशुद्धीकरण केंद्रे आणि उल्हास नदीवरील पंप विजेवरच चालतात.

ठाकुर्लीत पूर्वी वीज तयार होत होती का?

होय. डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधील ठाकुर्लीला जुन्या पिढीतील अनेक जण आजही ‘पॉवर हाऊस’शी जोडतात. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. विद्युतीकरण घाटांच्या दिशेने सरकू लागले तशी ‘जीआयपी’ रेल्वेला स्वतःच्या विजेची गरज भासली. त्यासाठी १९२९ मध्ये चोळे गावाजवळ चोळा वीजगृह सुरू झाले. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. कोळसा रेल्वेनेच थेट दारात येई आणि थंड करण्यासाठी लागणारे पाणी उल्हास खाडीतून मिळे.

जवळपास सहा दशके या वीजगृहाने गाड्या चालवल्या. पुढे यंत्रसामग्री जुनी झाली, राज्याच्या जाळ्यातून वीज घेणे सोयीचे ठरले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडले. मागे उरली ती रेल्वेची मोठी जागा, खाडीचे पाणी आणि विजेच्या वाहिन्यांचा मार्ग.

मग तेथे वायू प्रकल्प का झाला नाही?

याच जागेवर रेल्वे आणि राज्य सरकार यांच्या भागीदारीतून सुमारे ७०० मेगावॉटचा नैसर्गिक वायूवरील प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकात पुढे आला. त्याची चर्चा रेल्वे अर्थसंकल्पापर्यंत पोहोचली. कल्पना चुकीची नव्हती. कोळशाची राख नाही, धूर कमी, लागणारी जागा कमी. दाट वस्तीत एखादे वीज केंद्र उभारायचेच असेल, तर ते वायूचे असावे, हे तर्काला धरून होते.

अडले ते इंधनावर. त्या काळात कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील केजी-डी६ क्षेत्रातून भरपूर वायू मिळेल, या अपेक्षेवर देशभर वायू प्रकल्प आखले गेले. २००९ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले, पण लवकरच ते झपाट्याने घटले. उभे राहिलेले प्रकल्पच उपाशी राहिले, तेव्हा कागदावरच्या प्रकल्पाला वायूची हमी कोण देणार? ठाकुर्लीचा प्रस्ताव मागे पडला.

उरणचे केंद्र कसे चालते?

उरणजवळ बोकडविरा येथे महानिर्मितीचे वायू विद्युत केंद्र आहे. मुंबई हाय येथील तेल-वायू क्षेत्राची वाहिनी उरणच्या किनाऱ्यावर येते, म्हणून १९८२ पासून येथे वायूवर वीज तयार होऊ लागली. आज केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट आहे. त्यात प्रत्येकी १०८ मेगावॉटचे चार वायू संच आणि प्रत्येकी १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच आहेत.

वायू संचाचे तत्त्व विमानाच्या जेट इंजिनासारखे असते. दाबलेल्या हवेत वायू जाळला जातो आणि तप्त झोत पाती फिरवतो. संचातून बाहेर पडणारी हवाही पाचशे अंशांच्या आसपास तापलेली असते. ती वाया न घालवता तिच्यावर पाण्याची वाफ केली जाते आणि त्या वाफेवर दुसरा संच फिरतो. म्हणजे वाफेच्या २४० मेगावॉटसाठी वेगळे इंधन लागत नाही. याला संयुक्त चक्र म्हणतात. आधुनिक संयुक्त चक्र केंद्रे इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जेची वीज करतात, तर कोळशावरील केंद्रांमध्ये हे प्रमाण साधारण एक तृतीयांशाच्या पुढे थोडेसेच असते. कर्बवायूही कोळशाच्या तुलनेत सुमारे निम्माच बाहेर पडतो.

तरीही ते पूर्ण क्षमतेने का चालत नाही?

पूर्ण क्षमतेसाठी उरणला रोज सुमारे ३५ लाख घनमीटर वायू लागतो. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे त्याहून बराच कमी मिळतो. मुंबई हायचे क्षेत्र जुने झाले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वायूचे वाटपाचे धोरण बदलले आहे. देशातील स्वस्त वायूवर २०१४ पासून स्वयंपाकघरातील पाइप गॅस आणि वाहनांचा सीएनजी यांना अग्रक्रम देण्यात आला. डोंबिवलीतील रिक्षा, ठाण्यातील बस आणि घरातील शेगडी यांची गरज आधी भागते, वीज केंद्राचा क्रमांक नंतर लागतो. शहरातील हवेचा आणि घरगुती खर्चाचा विचार केला तर हा क्रम अयोग्य म्हणता येणार नाही. पण त्याची किंमत उरणच्या संचांनी मोजली आहे.

पर्याय उरतो तो द्रवरूप करून जहाजाने आणलेल्या आयात वायूचा. येथे गणित सरळ आहे. जुन्या केंद्रात एक युनिट विजेसाठी साधारण आठ हजार ब्रिटिश औष्णिक एकक इतकी उष्णता लागते. वायूचा भाव अशा दहा लाख एककांमागे ठरतो. देशांतर्गत नियंत्रित वायूवर एप्रिल २०२३ मध्ये साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली. त्या भावाने एका युनिटचा निव्वळ इंधन खर्च सुमारे साडेचार रुपये येतो. आयात वायू १२ डॉलरचा असेल तर तो आठ रुपयांवर जातो. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये बाजारभाव काही काळ ५० डॉलरच्याही वर गेला होता. त्या भावाने एका युनिटला तीस रुपयांहून अधिक केवळ इंधनावर गेले असते.

दाभोळने काय शिकवले?

गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा दाभोळ प्रकल्प हे याचे राज्यातील सर्वात मोठे उदाहरण. एन्रॉनच्या या प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थावर सुरू झाला. विजेचा दर राज्य वीज मंडळाला पेलला नाही आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांची नवी कंपनी स्थापन झाली. १,९६७ मेगावॉटचे हे केंद्र पुन्हा सुरू झाले, पण केजी-डी६ चा वायू आटताच २०१३ मध्ये थांबले. शेजारीच आयात वायू उतरवण्याचे टर्मिनल आहे. लाटा अडवणारा बंधारा पूर्ण नसल्याने पावसाळ्यात तेथे जहाज लागणे वर्षानुवर्षे शक्य झाले नाही.

२०१५ च्या अखेरीस केंद्राच्या सवलत योजनेतून आयात वायू मिळाला आणि दाभोळची सुमारे ५०० मेगावॉट वीज रेल्वेला देण्यास सुरुवात झाली. ठाकुर्लीत जे स्वतःच्या जागेवर करायचे होते, ते रेल्वेने काही वर्षे कोकणातून विकत घेतले. पण त्यासाठीही वायूवर सरकारी टेकू लागला.

देशभर हेच चित्र आहे. २० ते २५ हजार मेगावॉटची वायू केंद्रे उभी आहेत, पण ती सरासरी क्षमतेच्या १५ टक्क्यांच्या आसपासच चालतात. २०२४ च्या उन्हाळ्यात मागणी वाढली तेव्हा केंद्राने वीज कायद्यातील कलम ११ वापरून मे आणि जून महिन्यांत ही केंद्रे गरजेनुसार चालवण्याचे आदेश दिले. म्हणजे रोजच्या विजेसाठी महाग असलेले केंद्र अडीअडचणीला मात्र हवे असते. वायू संच थंड अवस्थेतूनही अर्ध्या तासाच्या आत वीज देऊ शकतो, कोळशाच्या संचाला त्यासाठी कित्येक तास लागतात. वायूचे खरे मोल या चपळाईत आहे. आणि साठवणुकीशी त्याची स्पर्धाही नेमकी येथेच आहे.

ठाणे जिल्ह्यात वीज साठवली जाते का?

बहुतेकांना माहीत नसते, पण साठवली जाते. शहापूर तालुक्यातील चोंढे आणि अकोले तालुक्यातील घाटघर यांच्यामध्ये सह्याद्रीचा सुमारे चारशे मीटरचा कडा आहे. वर घाटघरला प्रवरेवर एक धरण, खाली चोंढे गावाजवळ दुसरे. मागणी कमी असताना स्वस्त वीज वापरून खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. याला उदंचन जलविद्युत प्रकल्प म्हणतात. प्रत्येकी १२५ मेगावॉटचे दोन संच असलेले हे केंद्र २००८ मध्ये कार्यान्वित झाले. रोज सात तास पाणी चढवून सहा तास वीज, अशी त्याची आखणी आहे. म्हणजे एका दिवसात सुमारे १५ लाख युनिट.

चढवताना जितकी वीज खर्च होते तितकी परत मिळत नाही, पाव हिस्सा वाटेत जातो. तरीही दुपारची स्वस्त वीज संध्याकाळच्या महाग वेळी मिळत असेल, तर हा व्यवहार फायद्याचा ठरतो. अडचण आहे ती आकाराची. राज्याची कमाल मागणी ३० हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. घाटघरचे २५० मेगावॉट म्हणजे त्यातील एक टक्काही नाही.

म्हणूनच नव्या उदंचन प्रकल्पांचे करार सुरू आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला. पुणे जिल्ह्यातील शिरवटा १,८०० मेगावॉटचा आणि कर्जतजवळील भिवपुरी १,००० मेगावॉटचा. भिवपुरी कल्याण-कर्जत मार्गावरच आहे, त्यामुळे या परिसरासाठी ती हाकेच्या अंतरावरची साठवण ठरेल. मात्र अशा प्रकल्पांना अनेक वर्षे लागतात, जंगल आणि पुनर्वसनाचे प्रश्न येतात.

बॅटरी हा वेगवान पर्याय आहे का?

वेग आणि दर, दोन्ही बाबतींत बॅटरीने अलीकडे मोठी झेप घेतली आहे. बॅटरी केंद्र दीड-दोन वर्षांत उभे राहते आणि सेकंदाच्या आत वीज देऊ शकते. २०२२ मध्ये देशातील मोठ्या निविदेत दोन तासांच्या साठवणुकीसाठी महिन्याला प्रति मेगावॉट सुमारे १०.८ लाख रुपये दर आला होता. २०२५ पर्यंत काही निविदांमध्ये तो सव्वादोन लाखांच्या आसपास उतरला, त्यात काही वाटा केंद्राच्या अनुदानाचाही होता.

याचा अर्थ काय? एक मेगावॉटची दोन तासांची बॅटरी रोज एकदा वापरली तर महिन्याला सुमारे ६० हजार युनिट देते. सव्वादोन लाख भागिले साठ हजार, म्हणजे साठवणुकीचा खर्च एका युनिटला पावणेचार रुपयांच्या आसपास. त्यात सौरविजेचा दर आणि साठवताना होणारी तूट मिळवली तर संध्याकाळचे युनिट सात रुपयांच्या घरात पडते. २०२२ च्या दराने साठवणुकीचाच खर्च १८ रुपये होता. म्हणजे आयात वायूवरील विजेशी बॅटरी आता बरोबरीने स्पर्धा करते, आणि तिचा दर डॉलरबरोबर किंवा युद्धाबरोबर रोज बदलत नाही. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. दोन-चार तासांनंतर बॅटरी संपते. सलग चार दिवस ढगाळ पावसाळा असेल तर तिथे वायू, पाणी किंवा कोळसाच लागतो.

जुन्या वायू केंद्रात बॅटरी ठेवता येते का?

अमेरिकेत हा प्रयोग झाला आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉस लँडिंग येथे १९५० पासून वायूवरील मोठे वीज केंद्र आहे. त्याचे जुने संच बंद झाल्यावर रिकाम्या टर्बाइन दालनात २०२० च्या अखेरीस ३०० मेगावॉटची बॅटरी बसवण्यात आली. पुढे ती क्षमता ७५० मेगावॉटवर गेली. कारण व्यावहारिक होते. जागा हाताशी होती आणि मुख्य म्हणजे उच्चदाब वाहिन्या, रोहित्रे आणि उपकेंद्र आधीच तयार होते. नव्या वीज केंद्रासाठी बहुतेक वेळा वाहिनीची परवानगी आणि जमीन यातच सर्वाधिक काळ जातो.

पण १६ जानेवारी २०२५ रोजी त्याच दालनातील बॅटरीला मोठी आग लागली. हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, किनारी महामार्ग बंद करण्यात आला. तेथील बॅटरी निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची होती आणि एका बंद इमारतीत दाटीने रचलेली होती. लिथियम बॅटरीचा एक घटक तापला की तो शेजारच्याला तापवतो, आणि पाण्याने ही आग सहज विझत नाही. आता बहुतेक नव्या केंद्रांत तुलनेने स्थिर असलेली लोह-फॉस्फेट बॅटरी वापरतात आणि ती उघड्यावर, एकमेकांपासून अंतर राखलेल्या कंटेनरमध्ये ठेवतात. एक कंटेनर पेटला तरी आग तेथेच थांबावी, हा हेतू.

उरण आणि ठाकुर्लीत हे कितपत शक्य आहे?

उरणला वाहिन्या, उपकेंद्र आणि प्रशिक्षित कर्मचारी आहेत. संच अर्धेच चालत असल्याने वाहिन्यांची उरलेली क्षमता मोकळी असते. तेथे बॅटरी बसवली तर वायू संच आणि बॅटरी एकमेकांना पूरक ठरू शकतात. पहिल्या सेकंदांचा धक्का बॅटरीने झेलायचा, तोवर वायू संच सुरू करायचा. अंधारातून जाळे पुन्हा उभे करतानाही अशी जोडी उपयोगी पडते. दिल्लीत वीज वितरण कंपन्यांनी शहरातच बॅटरी केंद्रे उभारली आहेत. रोहिणीत २०१९ मध्ये १० मेगावॉटचे आणि किलोकरीत २०२५ मध्ये २० मेगावॉटचे.

ठाकुर्लीचा विचार मात्र जपून करावा लागेल. तेथे आता दोन्ही बाजूंनी दाट वस्ती आहे. उल्हास नदी आणि खाडीचा पूर २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये या पट्ट्याने अनुभवला. खारे पाणी आणि बॅटरी यांची गाठ धोकादायक असते, त्यामुळे कोणतीही साठवण पूररेषेच्या वरच हवी. आणि डोंबिवलीला औद्योगिक अपघात नवे नाहीत. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये एमआयडीसीतील स्फोटांनी घरांच्या काचा फोडल्या, जीव गेले. ‘सुरक्षित आहे’ या शब्दावर येथील रहिवासी सहज विश्वास ठेवणार नाहीत, आणि ते रास्त आहे. वस्तीपासून किती अंतर, अग्निशमन दलाला काय प्रशिक्षण, आगीतला धूर कोणत्या दिशेने जाईल, याची उत्तरे यंत्रे येण्याआधी जाहीर व्हायला हवीत.

ग्राहकाला यातून काय मिळणार?

दोन गोष्टी. पहिली, दर. १ जुलै २०२५ पासून राज्यात स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट सवलत मिळते. दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, हे सत्य आता बिलावरही दिसू लागले आहे. दोन्हीमधली दरी जितकी मोठी, तितकी साठवणूक परवडते. साठवणूक वाढली की ही दरी कमी होते आणि संध्याकाळी महाग वीज विकत घेण्याचा बोजा हलका होतो. दुपारी घरी कोणी नसलेल्या, आठच्या लोकलने परतणाऱ्या कुटुंबासाठी हाच खरा फायदा असेल, कारण दुपारची सवलत त्यांच्या वाट्याला फारशी येत नाही.

दुसरी गोष्ट, खात्री. २०२० च्या त्या सकाळी राज्यात वीज कमी नव्हती. ती पडघ्यापर्यंत आलेली होती, पुढे पोहोचू शकली नाही. म्हणून साठवण किती मेगावॉटची, याइतकेच ती कुठे आहे हेही महत्त्वाचे. पडघ्याच्या पलीकडची बॅटरी त्या दिवशी कल्याणच्या कामी आली नसती. रुग्णालये, पाण्याचे पंप आणि रेल्वे यांच्या जवळ, वाहिनी तुटल्यावरही दोन तास टिकेल अशी साठवण उभी करणे ही या परिसराची खरी गरज आहे. उरणचा वायू अपुरा राहणार, ठाकुर्लीचे धुराडे परत येणार नाही, हे आता स्पष्ट आहे. उदंचन आणि बॅटरीचे प्रकल्प मंजूर करताना जागेचा हा निकष लावला जातो का, यावर पुढच्या १२ ऑक्टोबरला काय होईल हे ठरेल.